गाजराच्या वाफ्यात डांबरगोळ्या पुरू नका

"गाजराचं वरचं टोक मातीत पुरा, चार कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाका, कडेने झेंडू लावा, ४५ दिवसांत कीडमुक्त गाजरं!" मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज आता माझ्या आत्यापर्यंत पोचलाय. तिने गोळ्यांचं पाकीटही आणलं, म्हणून लिहितेय.

टोकापासून गाजर होत नाही. पाला फुटतो, फार तर फुलोरा येतो. बी थेट वाफ्यातच, १ सेंमी खोल पेरा. रोप उपटून लावलं की मुळाचं टोक दुखावतं आणि गाजराला फाटे फुटतात. वाण पुसा केसर किंवा नान्टीस, पेरणी ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. काढणीला तीन ते साडेतीन महिने धरा. ४५ दिवसांत करंगळीएवढं मूळ हाती येईल.

आता त्या गोळ्या. बहुतेक गोळ्या नॅप्थलीनच्या असतात. बंद कपाटात त्यांची वाफ साठते, म्हणून कसर मरते. उघड्या गच्चीवर ती उडून जाते आणि किडीला काही होत नाही. गोळीजवळच्या मातीत मात्र नॅप्थलीन मुरतं, आणि तिथलंच मूळ आपण कच्चं खातो! जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये नॅप्थलीनला गट २बी मध्ये टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होण्याची शक्यता असलेले पदार्थ. जी६पीडी हे विकर (एन्झाइम) कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. तान्ह्या बाळांना तर जास्तच धोका. गच्चीवर खेळणारं पोर पांढरी गोळी दिसली की तोंडात घालतं, हे वेगळं सांगायला नको. आधीच पुरल्या असतील तर भोवतालच्या मातीसकट काढा आणि त्या वाफ्यात यंदा खायचं काही लावू नका.

झेंडूचं अर्धं खरं आहे, एवढं मान्य. त्याच्या मुळांतल्या द्रव्याने सूत्रकृमी (मुळांना लागणारे मातीतले सूक्ष्म कृमी) कमी होतात, पण गाजराआधी दोन-तीन महिने तो अख्ख्या वाफ्यात दाट वाढवला तरच. कडेच्या चार रोपांनी काही साधत नाही.

थंड देशांत छळणाऱ्या गाजरमाशीचा मुंबईत प्रश्न नाही. इथे त्रास सूत्रकृमींचा (मुळांवर गाठी दिसतात), माव्याचा आणि उंदीर-घुशींचा. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा. पेरणीआधी दोन आठवडे चौरस मीटरला १५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. ताजं शेण नको, त्यानेही फाटे फुटतात. वाफा ३० सेंमी खोल. जमिनीवर असेल तर तळाला १२ मिमीची वेल्ड मेश (जोडलेल्या तारांची जाळी). कोंबड्यांच्या जाळीतून उंदराची पिल्लं सहज शिरतात.

वरून ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीटकरोधक जाळी, वायरिंगच्या पीव्हीसी पाइपच्या कमानींवर, पेरणीच्याच दिवशी. गाजराला परागीभवनाची गरज नाही, त्यामुळे ती काढणीपर्यंत राहू द्या. विरळणीपुरती उघडा, रोपांत ५ ते ७ सेंमी अंतर ठेवा आणि कडा पुन्हा विटांनी दाबा, कारण फट राहिली की मावा आत शिरतो आणि जाळीमुळे त्याला खाणारे ढालकिडे बाहेरच राहतात.