निवेदनाला पुरावा जोडण्याची रीत

पर्वरीला, म्हणजे गोव्याच्या सरकारदरबारी, निवेदन घेऊन जायचे तर सोबत पुरावा हवाच. नुसत्या पुष्पगुच्छावर फोटोपलीकडे काही पदरात पडत नाही. मात्र पुराव्यापासून सुरुवात करू नका. आधी मत पक्के करा, मग पत्रकार परिषदेची तारीख धरा, आणि मधल्या दिवसांत सापडेल तेवढा पुरावा गोळा करा. उलट्या क्रमाने गेलेल्यांचे मत मध्येच बदलते, आणि तोवर बॅनर छापून झालेले असतात.

प्रकल्पाच्या बाजूने असाल तर ऋतू साधा. पर्यावरण परिणाम अहवालाला बहुतेक वेळा पावसाळा वगळून एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची मोजमापे पुरतात. मार्च ते मे घ्या. जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, तेव्हा तापून काळा पडलेला असतो, वनस्पतींच्या यादीत चार झुडपे आणि वाळके गवत भरते, आणि 'पडीक जमीन' हे शब्द आपोआप सुचतात. त्याच सड्यावर पावसाळ्यात डबकी साचतात, दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती उगवतात, ज्या चक्क किडे खातात. खडकात मुरलेले पाणी पुढे पायथ्याच्या झरींतून कुळागरांना, म्हणजे माडा-पोफळीच्या बागांना, पोचते. ही सगळी भानगड तुमच्या तीन महिन्यांत बसत नाही, यात तुमचा काय दोष? झरीचा प्रवाह मेच्या शेवटच्या आठवड्यात मोजा. ती जवळपास नसतेच.

हवेचे यंत्रही समजूतदार असते. पीएम 10, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची, मर्यादा आहे घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, तीही 24 तासांच्या सरासरीवर. खनिजाच्या ट्रकांनी दिवसाचे आठ तास धूळ 200 वर नेली आणि उरलेले सोळा तास ती 40 वर राहिली, तर सरासरी 93 येते. गावकरी खोकत राहतात, तक्ता हिरवा राहतो. तरी धोका नको म्हणून यंत्र रस्त्यापासून लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला बसवा. जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी लागते आणि स्थानिक भाषेत गोषवाराही द्यावा लागतो. तो द्या की. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत आहेच.

विरोधात असलात तरी निराश होऊ नका, साधने तुमच्याकडेही आहेत. पहिले म्हणजे भाजक. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या 14,58,545. किनाऱ्यावरचा कचरा, अपघात, गुन्हे यांत पर्यटकांचेही सगळे मोजा, पण भागाकार स्थानिक लोकसंख्येनेच करा. दरडोई आकडा असा फुगतो की वर्तमानपत्राला मथळा शोधावा लागत नाही. वर पर्यटकांनाही धरून भागणारा कोणी भेटला तर त्याला पर्यटन लॉबीचा माणूस म्हणा.

दुसरे साधन आधारवर्ष, आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच उपयोगी. परदेशी पर्यटक वाढले म्हणायचे असेल तर 2020 पासून मोजा, घटले म्हणायचे असेल तर 2019 पासून. खाणींबद्दल बोलताना सप्टेंबर 2012 ची बंदी आणि 2018 चा खाणपट्टे (लीज) रद्द करणारा निकाल या दोन खाचा लक्षात ठेवा. खाचेच्या अलीकडून सुरुवात करायची की पलीकडून, हे तुम्ही कोणाच्या व्यासपीठावर आहात त्यावर ठरते. संख्या लहान असेल तर टक्केवारीच वापरा. पंचायतीत दोनाच्या चार घटना झाल्या की '100 टक्के वाढ', आणि चाराच्या दोन झाल्या तर विषयच काढू नका.

सर्वेक्षण करणार असाल तर 400 लोक पुरतात, चुकीला वाव साधारण अधिक-उणे पाच टक्के राहतो, असे छातीठोक सांगा. हे गणित नमुना यादृच्छिक, म्हणजे निवड न करता सोडतीने काढलेला, असेल तरच लागू पडते, हा तपशील तळटिपेतही घालू नका. डिचोलीतल्या खाणीबद्दल पणजीत, मिरामार किनाऱ्यावरच्या कॅफेत विचारा. धुळीचा त्रास नसलेले लोक स्पष्ट बोलतात. प्रश्नही असा असावा: 'तुम्हांला गोव्याचा विनाश हवा की शाश्वत विकास?' दोन प्रश्न एकात घातले की उत्तर कोणतेही आले तरी तुमचेच. ऑनलाइन सह्यांत दुबईच्या नि लंडनच्या सह्या आल्या तर त्यांना 'गोंयकार' (गोवेकर) म्हणून एकत्र मोजा, तालुकावार विभागणी देऊ नका.

माहिती हक्काचा अर्ज दहा रुपयांत होतो. 30 दिवसांनी 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर तो तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. 'अशी एकही घटना घडलेली नाही' किंवा 'सरकार लपवत आहे', गरजेप्रमाणे काहीही वाचता येते. खात्याने नोंदच ठेवली नसेल, ही तिसरी शक्यता कंटाळवाणी आहे. संदर्भ मात्र तीन द्या: तुमची प्रेस नोट, तिच्यावरून छापलेली बातमी, आणि त्या बातमीचा हवाला देणारा तुमचाच अहवाल.

एवढे करूनही कधी कोणीतरी कागद खरोखर वाचतो. मोपा विमानतळाच्या फॉर्म 1 मध्ये, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या अर्जात, आसपासच्या संवेदनशील भागांची माहिती पुरी दिली नव्हती. 29 मार्च 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित करून प्रकरण तज्ज्ञ समितीकडे परत पाठवले. जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली खरी, पण मधले महिने फुकट गेले. म्हणून मूळ नोंदवह्या कोणी मागितल्या की विषय माणसावर न्यावा. तो भायला, म्हणजे बाहेरचा, आहे का, ते बघा. गावचाच निघाला तर विकासविरोधी आहेच.