मेजर बदलायचा, पण विचारायचं कोणाला?

ठाण्याला फोन लावला की सध्या गप्पांची गाडी मेजर-मायनरवर येते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवी चार वर्षांपर्यंत नेली, मध्येच बाहेर पडायची सोय केली, मुख्य विषयाला म्हणजे मेजरला दुय्यम विषयाची म्हणजे मायनरची जोड दिली. काका म्हणतात, पोरांचा नुसता गोंधळ उडालाय, आमच्या वेळी बीएस्सी म्हणजे बीएस्सी होतं. मावसभाऊ म्हणतो, अमेरिकेत मुलं हवं ते शिकतात, मग आपल्याकडे का नको? मी ओहायोत राहते, मुलगा इथल्या सरकारी विद्यापीठात शिकतो, त्यामुळे निवाडा माझ्याकडे येतो.

'हवं ते' हे अर्धंच खरं. इथे पदवी साधारण १२० क्रेडिटची, म्हणजे विषय पूर्ण केला की जमा होणाऱ्या श्रेयांकांची असते आणि दुसरं वर्ष संपेपर्यंत मेजर जाहीर केला तरी बहुतेक ठिकाणी चालतं. पण इंजिनीअरिंग हवं असेल तर कॅल्क्युलस पहिल्याच सेमिस्टरला घ्यावं लागतं, कारण पुढचे विषय त्यावर उभे असतात. उशीर केला की सेमिस्टर वाढतं आणि फीही. कॉम्प्युटर सायन्समध्ये तर कित्येक विद्यापीठं मागून येणाऱ्याला सहज घेत नाहीत. तरीही २०१७च्या सरकारी अहवालानुसार, मेजर जाहीर केलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलं पहिल्या तीन वर्षांत तो बदलतात.

त्यांना ते जमतं, कारण हिशोब मांडून दाखवणारं माणूस असतं. माझ्या मुलाला बायॉलॉजी सोडून इकॉनॉमिक्सकडे जायचं होतं. सल्लागार बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि झालेले सगळे विषय नव्या मेजरखाली लावून दाखवले. कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स धरले गेले, केमिस्ट्रीचे क्रेडिट ऐच्छिक विषयांत गेले, वर्ष वाढत नव्हतं. अर्ध्या तासात त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. त्याच्याकडे या बाईंना भेटल्याशिवाय पुढच्या सेमिस्टरची नोंदणीच होत नाही.

ठाण्यात माझ्या भाचीने मायनर निवडला तो नोटीस बोर्डासमोर उभं राहून. तिला ओढ मानसशास्त्राची, पण त्याचे तास दुपारी आणि बाराला नौपाड्यात तिचा क्लास. मग साडेअकराच्या आत संपणारा विषय घेतला. तिला मी दोष देणार नाही. ती विचारणार कोणाला? राज्यभर कॉलेजांत कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना पैसे मिळतात ते शिकवलेल्या तासाचे, विद्यार्थ्यापाशी बसून बोलण्याचे नाहीत.

काकांची जुनी पद्धत मला परत नको. दहावीचा निकाल लागला की टक्के बघून शाखा ठरायची, त्यात कितीतरी हुशार मुली नको त्या विषयात अडकल्या. पण मावसभावालाही सांगते, नुसती मोकळीक कागदावर देऊन भागत नाही. क्रेडिट साठवायला सरकारने डिजिटल खातं दिलं, तसा प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक प्राध्यापकही नेमून द्या आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्या. तोवर पालकांनी प्रवेश घेताना फीबरोबर एवढंही विचारावं: दुसऱ्या वर्षी यातले कोणते विषय खरोखर शिकवले जाणार आहेत, किती वाजता आणि कोण शिकवणार?