वेदर-सील्ड कॅमेरा आणि घाटातला पाऊस: एका संदेशाचा प्रतिवाद

पावसाळा सुरू झाला की निसर्गछायाचित्रकारांच्या गटांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. कॅमेरा वेदर-सील्ड, म्हणजे पाणी-धूळ अडवणाऱ्या बांधणीचा, असेल तर पावसात आवरणाची गरज नाही. भिजलाच तर रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवावा. परतताना गाडीत एसीसमोर धरला की उरलीसुरली ओल निघून जाते. आणि बॅगेत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या की पावसाळाभर काळजी मिटते, असे त्यात सांगितलेले असते. आंबोलीला किंवा ताम्हिणीला पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघालेली मुले हे सारे प्रमाण मानून चालतात. त्यांच्यापैकी अनेकांनी तो कॅमेरा हप्त्यांवर घेतलेला असतो, म्हणून यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान सर्वांत घातक आहे, कारण ते अर्धे खरे आहे. वेदर-सील्ड कॅमेऱ्यात बटणांखाली, झाकणांच्या कडांना आणि सांध्यांमध्ये रबराच्या किंवा फोमच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्या शिंतोडे काही काळ नक्कीच अडवतात. मात्र किती पाणी आणि किती वेळ, हे बहुतेक कंपन्या सांगत नाहीत. धूळ आणि पाणी रोखण्याच्या क्षमतेसाठी आयपी हे आंतरराष्ट्रीय मानांकन आहे, पण ते मोजक्याच कॅमेऱ्यांना दिलेले असते. ओएम सिस्टीम या कंपनीचा ओएम-१ हा त्यांपैकी एक असून त्याचा दर्जा आयपी५३ आहे. त्यातील ३ या आकड्याचा अर्थ, वरून किंवा उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरक्या येणाऱ्या तुषारांपासून संरक्षण, आणि तेही तशाच दर्जाची लेन्स लावलेली असताना. चाचणी काही मिनिटांचीच असते. घाटमाथ्यावर पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो, दरीतून उलटा वर उसळतो आणि तासन्‌तास थांबत नाही. त्या परिस्थितीची हमी या आकड्यातही नाही.

शिवाय कॅमेरा सील्ड असला म्हणजे लेन्सही तशी असते असे नाही. लेन्स काढून तिच्या माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या धातूच्या कड्याच्या, कडेकडे निरखून पाहावे. तिथे रबराची बारीक कडी नसेल, तर पाण्याला सर्वांत सोपी वाट तीच. कॅननच्या १७-४० मिमी एल लेन्सला तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सीलिंग पूर्ण होत नाही. झूम करताना नळी बाहेर येणाऱ्या लेन्सची गोष्ट आणखी वेगळी आहे. ओली नळी तशीच आत ढकलली की तिच्यावरचे पाणी सोबत आत जाऊ शकते, आणि नळी पुन्हा बाहेर ओढली की बाहेरची दमट हवाही आत खेचली जाते. म्हणून झूम मागे घेण्यापूर्वी नळी कोरड्या फडक्याने पुसण्याची सवय लावून घ्यावी. आंबोलीत रात्री बेडकांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून, छायाचित्रण करणाऱ्यांकडे बहुधा फ्लॅशही असतो. त्याच्या आत वीज साठवणारा शेकडो व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि बहुसंख्य फ्लॅश सील्ड नसतात, त्यामुळे कॅमेरा कोणताही असला तरी डोक्यावर छत्री धरणारा सोबती हवाच. रेनकव्हर नसेल तर जाड प्लास्टिकची पिशवी लेन्सच्या हूडला रबरबँडने बांधूनही काम भागते.

तांदळाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तांदूळ उघड्या हवेपेक्षा वेगाने ओल शोषत नाही, उलट त्याची पिष्टमय भुकटी फटींत आणि पोर्टमध्ये शिरते. ओला आयफोन तांदळात ठेवू नये, असा सल्ला ॲपलनेही २०२४ मध्ये दिला. कॅमेरा भिजल्यावर तो लगेच बंद करावा, बाहेरून पुसून घेऊन मगच झाकणे उघडून बॅटरी आणि कार्ड काढावे, आणि पंख्याच्या वाऱ्यात तो निदान एक-दोन दिवस ठेवावा. सुरू होतो का हे मध्येच पाहण्याचा मोह टाळावा, कारण ओल्या सर्किटमधून वीज गेली की खरे नुकसान होते. हेअर ड्रायरही नको. समुद्राचे पाणी उडाले असेल तर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी मीठ पुसून काढणे भाग आहे.

एसीची हवा कोरडी असते हे खरेच, परंतु तिच्यात कॅमेरा थंडही होतो आणि गोंधळ तिथेच होतो. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते ते तापमान, साधारण २६ अंशांवर असतो. २२ अंशांच्या गाडीतून काढलेल्या लेन्सवर त्या हवेतली वाफ क्षणात धरते. पुढची काच पुसता येते, पण त्याच वेळी कोणी लेन्स बदलली तर ओल सेन्सरवरच्या काचेवरही धरते. यावर उपाय सोपा आहे: गाडीतून उतरण्यापूर्वीच कॅमेरा झिपलॉक पिशवीत बंद करावा आणि बाहेर आल्यावर तो हवेइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये.

राहिला प्रश्न सिलिका जेलचा. कापडी बॅग हवाबंद नसते आणि पावसाळ्यात तिचा फोम, पट्टे, अस्तर सगळेच दमट असते, त्यामुळे दोन पुड्या लवकरच ओलीने भरून जातात आणि नंतर त्यांचा काहीही उपयोग राहत नाही. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भरले असे समजावे आणि साधारण १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरावे. घरी आल्यावर बॅग उघडी वाळत टाकावी आणि कॅमेरा-लेन्स रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, आर्द्रतामापकासह ठेवाव्यात. काटा ४० ते ५० टक्क्यांदरम्यान असावा. आर्द्रता दीर्घकाळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पोषक वातावरण मिळते. बुरशी तपासण्यासाठी लेन्सच्या मागून टॉर्च मारून आरपार पाहावे. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती लेन्स इतरांपासून वेगळी काढून, विलंब न करता, जाणकार दुरुस्तीवाल्याकडे द्यावी. बुरशीतून पाझरणारी आम्ले काचेवरचा लेप खातात, आणि एकदा लेप गेला की सफाईनंतरही डाग तसाच राहतो.