चौकड्यांची नावे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपले आक्षेप दोन आहेत: चौकड्यांच्या कापडांवरील माझ्या लेखातले, हाउंडस्टूथ (दातेरी कडांची दोनरंगी चौकडी) म्हणजे लहान आकाराचा शेफर्ड्स चेक (सरळ चौकोनांची दोनरंगी चौकडी), हे विधान चुकीचे आहे, आणि ग्लेन व प्रिन्स ऑफ वेल्स ही एकाच कापडाची नावे असताना मी त्यांत उगाच भेद केला.

पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हाउंडस्टूथमध्ये ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि बाण्यातही (आडव्या धाग्यांत) चार गडद व चार फिके धागे आलटून पालटून येतात, आणि ट्विल या तिरप्या विणीत बाण्याचा धागा दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जातो आणि दर ओळीला हा क्रम एका धाग्याने सरकतो. रंगाची पट्टी चार धाग्यांची आणि विणीची आवृत्तीही चारचीच, म्हणून चौकोनाच्या कडा तुटून त्यांना दातासारखी टोके फुटतात. शेफर्ड्स चेकची वीणही ट्विलच असते. पण पट्टीत सहसा अधिक धागे असल्याने चौकोन चौकोनच राहतो आणि मिश्र रंगाच्या घरांत तिरप्या रेघा दिसतात. जाड सुताचा हाउंडस्टूथ बारीक सुताच्या शेफर्ड्स चेकपेक्षा मोठाही असू शकतो, हे मी लिहिताना विसरलो.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. ग्लेन हे नाव स्कॉटलंडमधील ग्लेन अर्कर्ट खोऱ्यावरून आले; एकोणिसाव्या शतकात सीफील्डच्या काउंटेसने आपल्या शिकारीच्या रानाच्या राखणदारांना हे कापड दिले होते. त्यात चार-चार धाग्यांच्या पट्ट्यांशेजारी दोन-दोन धाग्यांच्या पट्ट्या येतात. चारला चार छेदतात तिथे हाउंडस्टूथ उमटतो, दोनला दोन छेदतात तिथे बारीक चौकडी. प्रिन्स ऑफ वेल्स हे नाव यातले काहीच सांगत नाही, ते ब्रिटनच्या युवराजाच्या पदवीचे आहे. पुढे आठवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राने हे कापड लोकप्रिय केले, आणि काटेकोर बोलणारे शिंपी आजही ज्या ग्लेनवर निळी किंवा तांबडी रेघ चौकटीसारखी फिरते त्यालाच ते नाव देतात. विक्रेते सरसकट दोन्ही नावे वापरतात हे खरे. पण मग रेघ हवी की नको, हे गिऱ्हाइकाला वेगळे विचारावे लागते.

मूळ लेखातले हाउंडस्टूथचे वाक्य आज दुरुस्त केले आहे. ग्लेनचे तसेच ठेवले आहे.