चार्ज कुठला, ते क्रियापदाला विचारा

'चार्ज'ला मराठीत काय म्हणतात, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कुणाचा चार्ज, कशावरचा आणि तो उतरतो कसा, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. जमिनीवर बोजा चढतो आणि कमी होतो. अधिकारी पदभार स्वीकारतो आणि सोपवतो. आरोप ठेवतात आणि तो शाबीत होतो किंवा होत नाही. बँक शुल्क कापते, पोलीस लाठीमार करतात, सुरुंगात दारू ठासतात, फ्रिजमध्ये गॅस भरतात. इंग्रजीने या सगळ्यांचं एका शब्दावर भागवलं. मराठीने प्रत्येकाला वेगळं नाव दिलं आणि त्या नावाला त्याचं स्वतःचं क्रियापद जोडलं. भाषांतर करणाऱ्याने, बातमी लिहिणाऱ्याने आणि हल्ली यंत्राकडून मजकूर काढून घेणाऱ्यानेही आधी ते क्रियापद तपासावं, एवढंच माझं म्हणणं आहे. ते जुळलं नाही तर नाम चुकलंय असं खुशाल समजावं.

घरातलं विजेचं बिल काढा. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा ओळी असतात. या सगळ्या इंग्रजी बिलात 'चार्ज' आहेत. स्थिर आकार जोडणी असल्याबद्दल लागतो; महिनाभर घराला कुलूप असलं आणि मीटर एक युनिटही पुढे सरकलं नाही तरी तो चुकत नाही. वहन आकार हा तारांच्या जाळ्यातून वीज तुमच्यापर्यंत आणल्याचा. त्याच्या खाली मात्र 'विद्युत शुल्क' येतं आणि ते 'चार्ज' नव्हे, तो राज्य सरकारचा कर आहे. घरगुती ग्राहकाला वरच्या आकारांच्या बेरजेवर १६ टक्के. वीज कंपनी तो फक्त गोळा करते. म्हणजे मराठी बिलात 'आकार' आणि 'शुल्क' ही जाणूनबुजून केलेली वाटणी आहे. ते बिल समजावून सांगताना दोन्हीला 'चार्जेस' म्हटलं की दाद कुठे मागायची तेच ग्राहकाला कळत नाही.

हाच 'आकार' सातबाऱ्यावरही बसलेला आहे. खातेदाराच्या नावापुढे क्षेत्र, मग आकार, मग पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग. तिथे आकार म्हणजे त्या जमिनीची सरकारी सारा-आकारणी. आणि त्याच कागदावर 'इतर अधिकार' या रकान्यात दुसरा चार्ज असतो: बोजा. सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज काढलं की तो तिथे चढतो. एकाच पानावर दोन चार्ज, एक सरकारचा आणि एक सावकाराचा, आणि मराठीत त्यांची गल्लत होण्याची सोयच नाही.

बोजाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे शब्द चुकला तर पैशाला मुकावं लागतं. कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही. कर्ज बँकेच्या खात्यात संपतं, बोजा सातबाऱ्यावर राहतो. तो काढायला बँकेचा किंवा सोसायटीचा ना-देय दाखला लागतो, तो जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून अर्ज करावा लागतो, मग फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, धरला जातो, हरकतीची मुदत जाते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर नवा उतारा काढून 'इतर अधिकार' स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. हे केलं नाही तर दहा वर्षांनी जमीन विकताना किंवा नवं कर्ज मागताना जुना बोजा उभा राहतो आणि ज्या शाखेने कर्ज दिलं ती दुसऱ्याच शाखेत विलीन झालेली असते. गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट आदेश काढला आहे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. उशीर कर्ज देणाऱ्या संस्थेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. यातला 'चार्ज' कुणी 'शुल्क' म्हणून वाचला तर 'शुल्क काढून टाकू' असा अर्थ होतो आणि हातातला हक्क निसटतो.

गहाण आणि बोजा हेही एक नव्हेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दोन्ही वेगळे आहेत. गहाणात त्या मालमत्तेतला काही हितसंबंध धनकोकडे, म्हणजे कर्ज देणाऱ्याकडे, जातो. बोजात काही जात नाही. येणं त्या मालमत्तेतून वसूल करता येईल एवढीच तजवीज होते.

आता कोर्टाचा चार्ज. बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 'चार्ज लागला' असं लिहून लोक तीन वेगवेगळ्या पायऱ्या एकात गुंडाळतात. पहिली पायरी गुन्हा दाखल होणं. यात फक्त तपास सुरू होतो. दुसरी, तपास संपवून पोलिसांनी कोर्टात दोषारोपपत्र दाखल करणं. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत ते आलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तिसरी पायरी खऱ्या अर्थाने चार्जची: न्यायाधीश कागद पाहून आरोप निश्चित करतात, तो आरोपीला वाचून दाखवतात, समजावतात आणि गुन्हा कबूल आहे का असं विचारतात. पहिल्या दोन पायऱ्या पोलिसांच्या, तिसरी कोर्टाची. दोषारोपपत्र दाखल झालं त्या दिवशी 'कोर्टाने आरोप ठेवले' असा मथळा आला, तर जे न्यायाधीशांनी अजून केलेलंच नाही ते त्यांच्या नावावर लागतं. ज्या माणसाचं नाव त्या बातमीत असतं, त्याला हे केवढ्याला पडतं याचा विचार लिहिणाऱ्याने करायला हवा.

या शब्दाचं मूळ मात्र मोठं सुंदर आहे. उशिराच्या काळातल्या लॅटिनमध्ये गाडीवर माल लादणे या अर्थाचं एक क्रियापद होतं, त्यातून जुन्या फ्रेंचमधून 'चार्ज' आला. 'कार्गो' आणि 'कॅरी' त्याचेच नातेवाईक. मराठीकडे बघा: पदभार, कार्यभार, प्रभार, बोजा. आणि आरोप म्हणजे मुळात वर ठेवणं, चढवणं. दोन भाषांनी आपापल्या वाटेने ओझ्याचीच कल्पना धरली. म्हणून मला 'विद्युत प्रभार' हा पाठ्यपुस्तकातला शब्द अजिबात कृत्रिम वाटत नाही. शाळेत तो तोंडात बसतो, पण दुकानात गेल्यावर हरवतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० अँपिअर-तास लिहिलेलं असतं तो हाच प्रभार. १ अँपिअर-तास म्हणजे ३,६०० कूलोम. अशी बॅटरी भरायला साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १५ अँपिअरच्या आसपास विद्युतप्रवाह योग्य. पाणी बॅटरी पूर्ण भरल्यावर घालावं, कारण भरताना आतलं द्रावण फुगतं आणि आधीच काठोकाठ असेल तर आम्ल बाहेर येऊन टर्मिनल खातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकंच पाणी आधी घालायचं.

फ्रिजवाल्याचा चार्ज यापेक्षा निराळा, आणि तिथे शब्दामुळे ग्राहक नेहमी फसतो. 'गॅस संपला, चार्ज करावा लागेल' हे वाक्य ऐकलं की मोबाइलसारखं वाटतं: वापरला, संपला, भरला. पण फ्रिजचा गॅस वापरल्याने संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. क्रम असा हवा: नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधणं, ती बंद करणं, ओल शोषणारा फिल्टर-ड्रायर नवा घालणं, पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं आणि मग काट्यावर वजन करून गॅस सोडणं. ओल राहिली तर ती केशनळीच्या, म्हणजे गॅस जिच्यातून जातो त्या केसासारख्या बारीक नळीच्या, तोंडाशी गोठते आणि फ्रिज थोडा वेळ चालून थंडावा सोडतो. किती ग्रॅम हे फ्रिजच्या मागच्या पट्टीवर छापलेलं असतं. नव्या फ्रिजमधला आर-६००ए हा ज्वालाग्राही आयसोब्युटेन असतो आणि तो बहुतेकदा शंभर ग्रॅमच्याही खूप आत लागतो. तिथे दहा ग्रॅमचा फरकसुद्धा मोठा, म्हणून नुसत्या दाबाच्या गेजच्या अंदाजाने भरणं चुकीचं. कमी पडला तर बर्फ कूलिंग कॉइलच्या थोड्याच भागावर धरतो. जास्त झाला तर कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीला घाम नाहीतर बर्फ येतो. कारागिराने काटा बाहेर काढला नाही तर 'किती ग्रॅम भरलात?' हे जरूर विचारा. इथलं क्रियापद 'भरणे' आहे, पण त्याच्या आधी 'गळणे' आहे.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत 'चार्ज टाकणे' म्हणजे भट्टीत पिग आयर्न (कच्चं लोखंड), भंगार, कोक आणि चुनखडीचे थर सोडणं. तिथे कुणी मराठी प्रतिशब्द शोधायला जाऊ नये, तो शब्द त्या कामगारांनी आपला केलाय. फक्त वितळलेल्या धातूत ओलं भंगार पडता कामा नये: पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं आणि धातू उसळून अंगावर येतो.

'डिस्चार्ज'कडे आलं की हेच सगळं उलट्या दिशेने चालतं. खडकवासल्यातून मुठेत सोडतात तो विसर्ग; १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. कोर्टात खटला चालण्याआधीच, पुरावा पुरेसा नाही म्हणून सोडलं तर ते दोषमुक्त करणं. खटला चालून सुटका झाली तर निर्दोष मुक्तता. पहिल्या प्रकारात नवा पुरावा आला तर पुन्हा खटला चालू शकतो, म्हणून 'निर्दोष सुटले' हे तिथे खोटं ठरतं. आणि दवाखान्याच्या कागदावर जखमेच्या रकान्यात 'नो डिस्चार्ज' लिहिलेलं असेल, तर पेशंटला घरी सोडत नाहीत असा अर्थ काढून नातेवाइकांनी घाबरू नये. जखमेतून स्राव येत नाही, ती कोरडी आहे, असं डॉक्टरांनी लिहिलंय.