बीप वाजला म्हणजे जोड चांगला, असं नाही

नमस्कार. इंजिनवर चालणाऱ्या जुन्या वेल्डिंग मशीनच्या केबलच्या जोडांबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: पॉलिश पेपर मारून नट आवळला की भागतं, केबल कापायला लावून मी लोकांना खर्चात पाडतो. मल्टिमीटरचा बीप वाजतोय तर जोडात दोष कसला? आणि बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा, हे मी लिहिलंच नाही.

शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर हात भाजेल, बॅटरीही फुटू शकेल. ती ओळ आज सकाळीच लेखाच्या सुरुवातीला घातली. मनापासून आभार.

बाकीचं मात्र मला पटत नाही.

बीपचं आधी. तो तपासताना मीटर जोडातून जेमतेम मिलिअँपियरमध्ये करंट सोडतो. केबलच्या शेकडो तारांपैकी चार तारा लगला (केबलच्या टोकाला बसवतात त्या धातूच्या कडीला) चिकटून असल्या तरी तो वाजणारच. वेल्डिंगचा रॉड चालवताना त्याच जोडातून १२० अँपियर जायचे असतात. म्हणून जोड लोडवरच तपासायचा. एकाला रॉड चालवू द्या, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक सुई स्टडच्या (लग ज्यावर नटाने आवळतात त्या बोल्टच्या) टोकावर आणि दुसरी लगच्या पुढे केबलच्या तांब्यात टोचा. आमच्या मशीनवर १.२ व्होल्ट आले. आकडा किरकोळ वाटतो, पण १२० ने गुणा: १४४ वॉट! पंचवीस वॉटच्या पाच-सहा सोल्डरिंग आयर्न एका नटाखाली तापत ठेवल्यासारखं झालं.

आता पॉलिश पेपर. हे मशीन २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात उभं होतं. इथल्या बडोदेकरांना ते दिवस सांगायला नकोत. लगच्या तोंडावर बोटाला लागेल असा हिरवा काट होता. तो घासला, नट आवळला, पुन्हा मोजलं तर १.१. मग केबलचं रबर चिरलं. आत चार बोटं तांबं काळंकुट्ट, तारा नखाने तुटत होत्या. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही आणि क्रिम्पिंगही (लग दाबून बसवणं) पक्कं बसत नाही. लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापण्याला पर्याय नाही. आमची वीतभर केबल गेली. नवा लग दाबून बसवल्यावर आकडा ०.०४ वर आला. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं, हे आपल्या घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. लगलाही कल्हई हवी म्हणतो ती त्याचसाठी. आणि दोन लगांच्या मध्ये लोखंडी वायसर घालू नका; लगला लग भिडला पाहिजे, वायसर नटाखाली.

फील्डचा, म्हणजे जनरेटरमध्ये चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलचा, उल्लेख तुम्ही ओझरता केलात, पण मला खरी काळजी त्याचीच वाटते. सकाळी मशीन करंट देत नाही, बॅटरीची वायर फील्डला क्षणभर लावली की दिवसभर चालतं, असं तुम्ही लिहिता. अशा डीसी जनरेटरमध्ये सुरुवातीला लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर चारदोन व्होल्टच तयार होतात. तेवढ्या व्होल्टने फील्ड कॉइलमध्ये करंट गेला, तरच पुढे व्होल्टेज चढतं. वाटेत काट असला की रेझिस्टन्स मर्यादेबाहेर जातो आणि गाडी तिथेच अडते. बॅटरीचा धक्का तो थर तेवढ्यापुरता फोडतो, काट जागच्या जागी राहतो. आणि वायर एखाद्या दिवशी उलटी लागली तर पोलॅरिटीच, म्हणजे मशीनचे प्लस-मायनस, फिरते.

तेव्हा रिओस्टॅटचा (फील्डचा करंट कमीजास्त करायच्या रेझिस्टन्सचा) फिरता कॉन्टॅक्ट आधी उघडा, मग फील्ड कॉइलची दोन्ही टोकं, मग कार्बन ब्रश होल्डरमध्ये न अडकता सरकतोय का ते बघा. कम्युटेटरवर (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या फिरत्या भागावर) चॉकलेटी झाक असेल तर तिला हात लावू नका, ती चांगली असते. एमरी पेपर तर तिथे मुळीच नको. एवढं केल्यावर आठवडाभर बॅटरी न लावता मशीन उठतं का, ते इथेच कळवा. नाही उठलं तर फील्डच्या टोकांवरचं व्होल्टेज मोजून लिहा, पुढचं आपण मिळून शोधू.