सर्व्हर कशाला? ऐरोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मूळ लेखात मी लिहिलं होतं, की डबल-क्लिकने उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारच्या फाइलमधली यादी फेचने (म्हणजे पानातल्या कोडने फाइल मागवून) वाचू देत नाही, म्हणून पान आपल्याच कॉम्प्युटरवरच्या छोट्या सर्व्हरमधून उघडा. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ठाण्यातल्या तलावांची यादी दाखवणारं एवढंसं पान, त्यासाठी मुलांना सर्व्हर चालवायला लावणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं. क्रोमच्या शॉर्टकटमध्ये वेब सिक्युरिटी (एका साइटला दुसरीची माहिती वाचू न देणारं कुंपण) बंद करणारा फ्लॅग, म्हणजे जादाची सूचना, टाकला की काम झालं, आणि तुम्ही वर्षानुवर्षं तेच करताय. शिवाय यादीत कचराळी तलाव नाही.

अर्धं मान्य. ‘सर्व्हरशिवाय गत्यंतर नाही’ हे माझं वाक्य चूकच होतं. शाळेच्या लॅबमध्ये पायथन टाकू देतीलच असं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिथे यादी जेसन (नुसती माहिती ठेवणाऱ्या) फाइलमध्ये न ठेवता जेएस (जावास्क्रिप्ट कोडच्या) फाइलमध्ये ठेवा, आधी एका व्हेरिएबलचं नाव आणि बरोबरचं चिन्ह लिहा, आणि साध्या स्क्रिप्ट टॅगने पानाला जोडा. डबल-क्लिकने उघडलेल्या पानातही ती चालते. फक्त त्या टॅगला type=module लावून मॉड्यूल करू नका, नाहीतर फेचसारखीच तीही अडते.

फ्लॅगचं मात्र पटत नाही. ‘माझ्याच कॉम्प्युटरवर माझ्याच फाइलला मज्जाव का?’ असं तुम्ही विचारलंत. अहो, फाइल तुमची आहे हे ब्राउझरला कुठे कळतं? डाउनलोड्समध्ये वीजबिल, पॅनकार्डाचा स्कॅन आणि कुणीतरी मेलवर पाठवलेलं एचटीएमएल पान एकाच ढिगात पडलेलं असतं. फायरफॉक्स पूर्वी एका फोल्डरमधल्या फाइलींना एकाच घरच्या मानायचा. ते पाहुणं पान उघडलं, की ज्या फाइलीचं नाव ठाऊक आहे किंवा अंदाजाने सांगता येतं, ती त्याला वाचता यायची. जुलै २०१९ मध्ये आलेल्या ६८व्या आवृत्तीत हे बंद झालं. क्रोमच्या लेखी तर प्रत्येक फाइल दुसरीला परकी.

आणि तो फ्लॅग तुमच्या पानापुरता नसतो, त्या खिडकीतल्या सगळ्या साइट्सना लागू होतो. त्यासाठी वेगळी प्रोफाइल द्यावी लागते, तेवढाच आडोसा. पण त्याच खिडकीत ‘जरा मेल बघून घेतो’ म्हणत लॉगिन करणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

त्याहून मोठी फजिती महापेला झाली. घरी फ्लॅग लावून पान तयार केलं, माहिती दुसऱ्याच डोमेनवरून येत होती, सगळं झकास. क्लायंटच्या मशीनवर उघडलं तर पान कोरं! समोरच्या सर्व्हरने परवानगीचं हेडर (‘दुसऱ्या साइटने ही माहिती वाचली तरी चालेल’ असं ब्राउझरला सांगणारी ओळ) दिलेलंच नव्हतं आणि फ्लॅगमुळे ते मला महिनाभर दिसलं नाही. ठाण्याला परतताना ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये कुणाशी बोललो नाही.

लोकलहोस्टवर, म्हणजे माझ्याच कॉम्प्युटरवरच्या सर्व्हरवर, फ्लॅगशिवाय चाचणी घेतली असती तर ही चूक पहिल्याच दिवशी ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (चुका दाखवणाऱ्या भागात) लाल अक्षरांत दिसली असती. पायथन असेल तर एका ओळीत सर्व्हर सुरू होतो. तो मुळात नेटवर्कवरच्या सगळ्यांना खुला असतो, म्हणून १२७.०.०.१ ला, म्हणजे फक्त त्याच कॉम्प्युटरला पोचता येईल अशा पत्त्याला, बांधून ठेवा; हे मी मूळ लेखात सांगायला हवं होतं.

दोन्ही दुरुस्त्या लेखात केल्यात. कचराळीही घातला, यादीत मासुंदा तलावाच्या खाली.